चिंगी, बंड्या आणि चप्पल



रविवारी सकाळी बुवापाड्यातल्या आमच्या खोलीवर अर्ज लिहून घेणाऱ्यांची रांग असते. रेशनकार्डात सुनेचे नाव चढवायचे, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, पेन्शनच्या कागदावर सही कुठे करायची ते दाखवायचे, अशी कामे. आठवडाभर ऑफिसात कारकुनी आणि रविवारी घरी कारकुनी, ही आमच्या घरच्यांची जुनी तक्रार आहे. गेल्या महिन्यात अशाच एका रविवारी पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी रांग सोडून थेट पुढे आल्या. सोबत त्यांची दहा वर्षांची मुलगी. तिच्या उजव्या हाताला जुन्या ओढणीची पट्टी बांधलेली आणि पट्टीतून हळद बाहेर आलेली.

"दादा, अर्जाचं काम नाही. हिला कुत्रं चावलंय. आणि तुम्ही ह्यांना समजवा, ते पिल्लाला वालधुनीच्या पलीकडं सोडून यायला निघालेत."

"कुणाचं कुत्रं?" मी विचारले.

"आपलंच. बंड्या."

बंड्या म्हणजे त्यांच्या घरातले पांढरे पॉमेरियन पिल्लू. त्याची सख्खी बहीण चिंगी. दोन मुलांचे भांडण नको म्हणून भावाला एक आणि बहिणीला एक, अशी दोन पिल्ले एकाच वेळी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका घरातून आणलेली. दोन्ही मिळून नऊ हजार रुपये मोजले होते. आमच्याकडच्या एका पगारात नऊ हजार म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

आता माझ्यासमोर दोन प्रश्न होते. एक मुलीच्या हाताचा आणि दुसरा पिल्लाचा. पहिल्याला थांबायला वेळ नव्हता, म्हणून आधी तो सांगतो.

पट्टी सोडली. अंगठ्याच्या बुडाशी सुईने टोचल्यासारखी दोन भोके, रक्त येऊन थांबलेले. नळाला पाणी नव्हते. पिंपातले पाणी तांब्याने ओतत, कपड्याचा साबण लावून, घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटे हात धुतला. हळद, चुना, तिखट, तंबाखू यातले काहीही चाव्यावर लावू नका. हे मी वस्तीत वर्षानुवर्षे सांगत आलो आहे आणि तरी दर खेपेला हळद निघतेच. साबण आणि वाहते पाणी हाच पहिला उपचार. त्यानंतर लगेच दवाखाना.

वहिनी म्हणाल्या, "घरचंच पिल्लू, अडीच महिन्यांचं. बाहेरसुद्धा जात नाही. त्याला कसला रेबीज?" हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. पिल्लाला रेबीजची लस साधारण तिसरा महिना पुरा झाला की देतात. म्हणजे त्याआधीचे पिल्लू लसीविना असते. ते आपल्या घरी येण्यापूर्वी कुठे होते, त्याच्या आईला लस होती का, त्याला कुणी चावले होते का, हे आपल्याला ठाऊक नसते. दात कातडीतून आत गेला आणि रक्त आले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तो चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर गटात मोडतो. त्याला लस तर हवीच, शिवाय जखमेत सीरमचे इंजेक्शनही हवे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. नऊ हजारांचे पिल्लू असो की रस्त्यावरचे, विषाणूला त्यातला फरक कळत नाही. आम्ही रिक्षा करून सरकारी दवाखान्यात गेलो. सीरम आणि लसीचा पहिला डोस झाला. पुढच्या तारखा म्हणजे तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस, मी मुलीच्या वहीत लिहून दिल्या. पिल्लावर दहा दिवस नजर ठेवायची, तोवर ते कुठेही सोडायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. त्यामुळे वालधुनीचा बेत निदान दहा दिवस टळला.

आता दुसरा प्रश्न. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. भाऊ एमआयडीसीत रात्रपाळीला असतात. दिवसा झोपतात, किंवा झोपायचा प्रयत्न करतात. दहा बाय बाराची खोली, वर माळा. कॉटखाली दोन पिल्ले. दाराजवळ दोन रबरी चपला, त्यातल्या एकीच्या टाचेवर दातांची नक्षी.

भाऊंनी मोबाइल काढून मला एक व्हिडिओ दाखवला. कुणी एक गृहस्थ कुत्र्याला पाठीवर उलटा पाडतो, गळ्याजवळ दाबून धरतो आणि ते गप्प पडेपर्यंत सोडत नाही. म्हणे कुत्र्याला घरातला बॉस कोण ते दाखवावे लागते. "दादा, हा बंड्या चिंगीवर दादागिरी करतो. तिला खाली पाडतो, मान धरतो, अंगावर चढतो. ती किंचाळते. आता दाबला नाही तर उद्या आमच्यावर चढेल," असे त्यांचे म्हणणे. चार-पाच दिवस हाच उपाय चालू होता. उपाय लागू पडला नाही की चप्पल.

त्या सकाळी काय झाले ते मी एकेक पायरीने विचारून घेतले. कारकुनाला सवय असते, व्हाउचर कुठले आधीचे आणि कुठले नंतरचे ते पाहण्याची. पिल्ले खेळत होती. चिंगी ओरडली. भाऊंची झोप मोडली. त्यांनी बंड्याला उलटा पाडून फरशीवर दाबून धरला. तो तडफडला, मुतला, मग गप्प पडला. भाऊंनी हात काढला. मुलीला त्याची दया आली, तिने उचलायला हात पुढे केला आणि बंड्याने तो हात धरला. म्हणजे चावा बहिणीशी खेळताना झालेला नव्हता. गळा दाबून सोडल्यावर जो पहिला हात समोर आला, त्याला झाला. नोंद बंड्याच्या खात्यावर पडली होती, ती चुकीच्या खात्यावर होती. पण कर्त्या माणसाला त्याच्याच खोलीत, रात्रपाळीनंतरच्या अर्ध्या झोपेत हे कसे सांगायचे? त्या दिवशी सांगितले नाही. मी म्हटले, "दहा दिवस ठेवायचाच आहे ना, तर मी जरा वाचून बघतो."

मी बी.कॉम. झालेला माणूस, प्राण्यांचा डॉक्टर नव्हे. पण वाचायला कुणाची मनाई नाही. वाचले ते सांगतो.

कळपात एक वरचा आणि बाकी सगळे त्याच्या खाली, हा सिद्धांत कुत्र्यांवरून निघालेला नाही. तो लांडग्यांवरून निघाला. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणीसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ साली तो मांडला. हे लांडगे कोंडलेले होते. लहान कुंपणात ते सतत एकमेकांवर गुरगुरत, चावत, आणि एक नर व एक मादी वरचढ ठरत. पुढे अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात हेच घेतले. पुस्तक खूप खपले आणि 'अल्फा' हा शब्द जगभर पसरला. कुत्रा शिकवणाऱ्यांनी तो उचलला, आणि आता तो मोबाइलवरून बुवापाड्यात आला.

पण मेकसाहेब तिथेच थांबले नाहीत. कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर नावाचे बेट आहे. तिथल्या मोकळ्या लांडग्यांना त्यांनी अनेक उन्हाळे जवळून पाहिले. तिथे त्यांना सिंहासनासाठी चाललेली मारामारी दिसली नाही. दिसले एक कुटुंब. आई, बाप आणि त्यांची लहान-मोठी पोरे. आईबाप पुढे चालतात, कारण ते आईबाप आहेत. पोरे मोठी झाली की बाहेर पडून आपले बिऱ्हाड करतात. १९९९ साली मेक यांनी लेख लिहून स्पष्ट सांगितले की नैसर्गिक कळपातल्या लांडग्यांना 'अल्फा' म्हणणे योग्य नाही. स्वतःच्याच पुस्तकातली चूक अशी जाहीर दुरुस्त करणारा माणूस मला फार मोठा वाटला. आमच्या ऑफिसात एका चुकीच्या नोंदीवर सही करून मोकळे झालेले साहेब मी पाहिले आहेत.

दहा परक्या माणसांना दहा बाय बाराच्या खोलीत कोंडा, बाहेरून कडी लावा आणि मग म्हणा की माणसाचा स्वभावच भांडखोर आहे, कुणी वर, कुणी खाली हे निसर्गानेच ठरवले आहे. हा युक्तिवाद आपल्या लोकांना नवा नाही. जनावरांच्या बाबतीतही तो टिकला नाही, एवढेच इथे सांगतो आणि पुढे जातो.

दाबून धरण्याच्या उपायाचे काय होते, हेही कुणीतरी मोजले आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. वागणुकीची तक्रार घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारले होते की तुम्ही काय उपाय केले आणि कुत्र्याने त्यावर काय केले. मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता. पाठीवर पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांवर. हा कागद मी भाऊंना दाखवला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या हातचा चावा पोरीला बसला." मी काही उत्तर दिले नाही. वहिनींनी चहा ठेवला.

मग बंड्या चिंगीला पाडत होता ते काय होते? मराठीत त्याला फार चांगला शब्द आहे, लुटुपुटूची लढाई.

पुढच्या रविवारी मी वहीत दोन रकाने आखून तासभर त्यांच्या दारात बसलो. कोण किती वेळा वर, कोण किती वेळा खाली. बंड्या वर चौदा वेळा, चिंगी नऊ वेळा. घरात सगळे म्हणत होते की ती बिचारी नेहमी खालीच असते! ऐकू येते ती किंकाळी, म्हणून तीच लक्षात राहते. चिंगी वर असते तेव्हा बंड्या ओरडत नाही, त्यामुळे ते जमेस धरलेच जात नव्हते. सुटल्यावर ती पळून जाते का, हे मला पाहायचे होते. बहुतेक वेळा ती दोन पावले जायची, मागे वळायची, पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत फरशीला टेकवून मागचा भाग वर करायची आणि शेपटी हलवायची. कुत्र्यांच्या भाषेत याचा अर्थ, चल, अजून एक डाव. मार्क बेकॉफ या अभ्यासकाने या नमस्कारासारख्या पवित्र्यावर पुष्कळ काम केले आहे. त्याचे म्हणणे असे की चावायच्या किंवा झटकायच्या आधी-नंतर पिल्लू हा पवित्रा घेते, म्हणजे समोरच्याने ते खरे धरू नये.

मिशिगन विद्यापीठातल्या बार्बरा स्मट्स आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी एकाच वेताच्या पिल्लांचा खेळ महिनोन्‌महिने पाहिला. त्यांचा लेख २००८ चा. त्यात एक मजेची गोष्ट आहे. नर पिल्ले आपल्या बहिणींशी खेळताना पुष्कळदा मुद्दाम कमीपणा घेतात, स्वतःला पडू देतात, म्हणजे खेळ चालू राहावा. काका पुतण्याशी पंजा लढवताना हात सैल सोडतात, तसेच. आणि दोघांचे डाव अगदी निम्मे-निम्मे झाले पाहिजेत असेही नाही. एक जास्त वेळा वर असूनही खेळ हा खेळच असू शकतो, हे त्याच गटाने २००७ साली मोठ्या कुत्र्यांवरून दाखवले. माझ्या वहीतल्या चौदा-नऊला त्यामुळे जरा आधार मिळाला.

अंगावर चढण्याबद्दलही लिहितो, कारण त्यावरूनच चाळीत सर्वांत जास्त मार खाल्ला जातो. वडीलधाऱ्यांसमोर पिल्लू दुसऱ्याच्या अंगावर चढले की लाज वाटते आणि चप्पल उठते. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लात त्यात लाजण्यासारखे काही नसते. नर चढतात तशा माद्याही चढतात. खेळाचा जोर अंगात मावला नाही की हे होते. लक्ष दुसरीकडे वळवावे, झाले.

मात्र सगळेच खेळ असते असे समजून निश्चिंतही राहू नका. स्कॉट आणि फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी अमेरिकेत पाच जातींच्या कुत्र्यांवर बरीच वर्षे काम करून १९६५ साली पुस्तक काढले. त्यात फॉक्स टेरियर जातीच्या पिल्लांचे वर्णन आहे. ती मिळून एका भावंडावर तुटून पडत, इतकी की त्यांना वेगळी करावी लागे. तेव्हा खेळ कोणता आणि भांडण कोणते हे ओळखता आले पाहिजे. खेळात अंग सैल असते, तोंड उघडे असते, पिल्ले मधूनच थांबतात, शिंकतात, अंग झटकतात, पुन्हा सुरू होतात. भांडणात अंग ताठ होते, नजर एका जागी खिळते, आवाज खोल जातो किंवा अजिबात बंद होतो, आणि एकजण सुटायला पाहतो तरी दुसरा सोडत नाही. संशय आला तर सोपी परीक्षा आहे. वरच्याला हळूच उचलून धरा. खालचे पिल्लू पुन्हा त्याच्याकडे आले तर खेळ होता. कॉटखाली पळाले तर खेळ नव्हता, किंवा आता संपला आहे.

चिंगी दोन वेळा कॉटखाली पळाली होती. दोन्ही वेळा ताटली मध्ये होती. दोन पिल्लांना एकाच ताटलीत दूधभात! तिथे खेळ नव्हता, तिथे पोटाचा प्रश्न होता.

आता ही पिल्ले इतक्या जोरात का चावत होती? वहिनींनी हिशेब केला तेव्हा कळले की आणली तेव्हा ती जेमतेम पाच आठवड्यांची होती. आपला चावा समोरच्याला किती लागतो, हे पिल्लू आईपाशी आणि भावंडांत शिकते. जोरात चावले की भावंड किंचाळते, खेळ थांबतो. आई उठून जाते. पाच-सहा आठवड्यांत आईपासून तोडले तर अर्धी शिकवणी बुडते. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१७ च्या कुत्रे पैदास व विक्री नियमांत आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला बंदी आहे. विकणाऱ्याने हे सांगितले नाही आणि घेणाऱ्याला ठाऊक नव्हते. पिल्लू घ्यायचेच असेल तर वय विचारा, आई दाखवा म्हणा, लसीचे कार्ड मागा. पावतीशिवाय आपण पंखासुद्धा घेत नाही.

अशा छोट्या जातींना इंग्रजीत 'टॉय' म्हणतात आणि त्या नावानेच घोटाळा होतो. आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतात ते पुष्कळदा खरे तर इंडियन स्पिट्झ असते, अंगाने जरा मोठे. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी तोच. नंतर मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने २००३ पासून पगची लाट आणली. कुत्रा लहान असला तरी तो पुरा कुत्रा असतो, पण त्याची हाडे मात्र काडीसारखी असतात. कॉटवरून किंवा कडेवरून उडी मारली आणि पुढचा पाय मोडला, हा छोट्या जातींतला नेहमीचा अपघात. पग किंवा शिह त्झू यांच्या चपट्या तोंडाच्या पिल्लांत मानगुट आवळली गेली, तर डोळा खोबणीतून बाहेर येऊ शकतो. अशा वेळी ओले स्वच्छ कापड डोळ्यावर धरून तडक पशुवैद्याकडे जावे. आणखी एक धोका म्हणजे साखर उतरण्याचा. चिमुकले पिल्लू तासभर दंगा करून उपाशी राहिले तर रक्तातली साखर घसरते. ते झोकांड्या देते, थरथरते, मलूल होते. लोक म्हणतात दमले, झोपू द्या. झोपू देऊ नका. साखरेचे किंवा मधाचे बोट हिरड्यांना चोळा आणि दवाखाना गाठा. यासाठीच तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे खायला द्यायचे. (आणि कांद्याचा रस्सा देऊ नका. कांदा कुत्र्याच्या रक्ताला विष आहे.)

आमच्या लहानपणी परळला आत्याकडे गेलो की मोठी माणसे 'बैलघोडा हॉस्पिटल' दाखवायची. १८८० च्या दशकात उभे राहिलेले हे बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे हॉस्पिटल. गिरणगावाने त्याला दिलेले नाव अजून टिकून आहे. तेव्हा कुत्र्याला डॉक्टर असतो याचे आम्हाला हसू यायचे. आता आपल्या घरांत कुत्री आली आहेत, तर डॉक्टरचा खर्चही पिल्लाच्या किमतीतच धरायला हवा. नऊ हजार ही फक्त पहिली रक्कम.

भाऊंच्या घरी पुढे काय केले ते सांगतो. पैसे फारसे लागले नाहीत. दोन ताटल्या, एक मोरीजवळ आणि एक दाराजवळ. खाऊन झाले की दोन्ही उचलायच्या. किराणा दुकानातून पुठ्ठ्याचे दोन खोके आणले, त्यांत जुनी गोधडी. चिंगीचा खोका कॉटखाली, बंड्याचा माळ्याच्या शिडीमागे. पिल्ले दमली की जास्त चावतात, लहान मुले झोपेला आली की किरकिर करतात तसेच. म्हणून खेळ वाढला की दोघांना आपापल्या खोक्यात. शिक्षा नाही, विश्रांती. भांडण जुंपलेच तर मध्ये हात घालायचा नाही. पातेल्यावरचे मोठे झाकण दोघांच्या मध्ये सरकवायचे. चावायला जुन्या कापडाची गाठ मारून ओली केलेली दोरी. दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस नवे येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत, हिरड्या सळसळणारच. आणि रोज दहा-दहा मिनिटे दोघांना वेगवेगळे न्यायचे. मुलगा एकाला ओट्यावर, मुलगी दुसऱ्याला गल्लीच्या तोंडापर्यंत. जोडीने वाढलेली पिल्ले एकमेकांतच इतकी गुंततात की एकटी राहायला शिकत नाहीत, माणसाचे ऐकायला शिकत नाहीत. भाऊंची झोपेची वेळ आणि पिल्लांची दंगामस्तीची वेळ एकच होती, ती वहिनींनी बदलली. सगळ्यांत जास्त फरक त्याने पडला असे माझे मत आहे. अर्थात पहिले चार दिवस चिंगी रात्री खोक्यात रडत होती आणि शेजाऱ्यांनी मलाच शिव्या घातल्या.

नर-मादी सख्खी भावंडे एका खोलीत आहेत, तेव्हा आणखी एक गोष्ट मी वहिनींना न सांगता भाऊंना सांगितली आणि भाऊ तोंड फिरवून हसले. मग वहिनींनीच विचारले, तेव्हा सरळ सांगितले. छोट्या जातीची मादी सहाव्या महिन्याच्या आसपास माजावर येऊ शकते, आणि कुत्र्याला नाते कळत नाही. त्याआधीच पशुवैद्याला विचारून नसबंदीचे ठरवावे. नाहीतर दोन महिन्यांत घरात आणखी चार, आणि पुन्हा वालधुनीचा विषय.

वालधुनीच्या विषयाचे शेवटी काय झाले? दहावा दिवस उजाडला. बंड्या ठणठणीत होता. मी गेलो तेव्हा भाऊ कामावरून येऊन बसले होते. मी त्यांना कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाचे काम सांगितले. या मंडळींनी बंगालमधल्या सात ठिकाणी पाच वर्षे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नोंद ठेवली. ९५ वेतांमधली ३६४ पिल्ले. त्यातली वयात येईपर्यंत जगली सुमारे १९ टक्के. मेलेल्यांपैकी ६३ टक्के मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. गाडीखाली, विष घालून, मारून, उचलून नेऊन. ती पिल्ले रस्त्यावरच जन्मलेली, आई जवळ असलेली. बंड्याला तर उकिरडा कसा हुंगायचा तेही माहीत नाही.

भाऊ म्हणाले, "शंभरात एकोणीस?"

"हो."

"आणि दोन्ही ठेवायची तर नसबंदीला किती येईल?"

आम्ही वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. लसी, नसबंदी, महिन्याचे खाणे. दोन पिल्लांचा खर्च महिन्याच्या जमेत बसत नव्हता. ओढून ताणून बसवला, तर मुलीच्या क्लासच्या फीला हात लागत होता. मी ते लपवले नाही. एक पिल्लू चांगल्या घरी देणे हे पाप नाही, सोडून येणे वेगळे आणि देणे वेगळे, हेही सांगितले. कोणते द्यायचे यावर दोन्ही मुले रडली. दोन आठवडे निर्णय लांबला. अखेर वहिनींच्या धाकट्या बहिणीने बदलापूरला चिंगीला नेले. दोन महिन्यांनी एकदा भेटवायचे, या अटीवर. सर्वांना वाटत होते की घर बंड्याने सोडावे, कारण चावला तो. मुलगीच म्हणाली, "त्याला माझी भीती वाटते, ती गेल्याशिवाय त्याला पाठवायचं नाही."

चौथे इंजेक्शन गेल्या गुरुवारी झाले. भाऊ स्वतः तिला घेऊन गेले होते, रात्रपाळी करून, न झोपता. घरी आल्यावर बंड्या दारात चप्पल घेऊन बसलेला. भाऊ खाली बसले, त्याच्या पुढे ओली दोरी धरली आणि तो चप्पल सोडून दोरीला येईपर्यंत थांबले. चपलेत त्याचा एक दुधाचा दात अडकून निघाला होता. मुलीने तो कागदात गुंडाळून कंपासपेटीत ठेवला आहे, बदलापूरला चिंगीला दाखवायला.